शिक्का कोणाजवळ असतो

मिराबाई भावसिंग आडे या मी पाहिलेल्या पहिल्या महिला सरपंच. त्या सरपंच आहेत हे मला त्या निवडून आल्यावर दोन वर्षांनी कळलं. मधल्या काळात मी त्यांच्या हातचा चहा पाच-सहा वेळा तरी प्यालो असेन. मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक होतो.

हिंगोलीच्या एका कॉलेजात मी शिकवायचो. 'पंचायतराज आणि महिला आरक्षण' हे प्रकरण दर वर्षी दिवाळीनंतर यायचं. त्यावर दहा मार्कांचा प्रश्न हमखास पडायचा, मुलं उत्तर पाठ करायची आणि मी नऊपर्यंत मार्क द्यायचो. दहापैकी दहा मी कोणालाच दिले नाहीत. विषय तेवढा सोपा नाही असं माझं मत होतं.

जून महिन्यात कॉलेज आम्हाला विद्यार्थी गोळा करायला गावोगाव पिटाळायचं. माझ्या वाट्याला वसराम नायक तांडा आला होता. औंढ्याच्या रस्त्यावर फाट्याला उतरायचं आणि आत दोन किलोमीटर चालायचं. बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरणारा कुणी वसराम नायक कधीकाळी इथे मुक्कामाला थांबला, तो थांबलाच. आता त्याचे पणतू कापूस आणि तूर करतात. तांड्यात गेलं की मी सरळ भावसिंगच्या घरी जायचो, कारण भावसिंगला सगळे सरपंच म्हणत. पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशाखाली रुपयाएवढा जांभळा डाग. खिशात शिक्का असायचा. लोक वाटेत अडवून कागद मागायचे. भावसिंग डिकीतून कागद काढायचा, शिक्क्यावर तोंडाची वाफ द्यायचा आणि मोटारसायकलच्या सीटवर ठेवून उठवायचा. सही आधीच झालेली असायची. ती कोणाची, हे मी कधी वाचलं नाही.

मिराबाई चहा घेऊन यायच्या. पंचेचाळीशीच्या, अंगावर फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, डोक्यावरून ओढणी, बोलणं मोजकं. तांड्यात त्यांचं नाव वेगळ्याच कामासाठी होतं. बंजाऱ्यांत मुलगी सासरी निघाली की बायका तिच्या गळ्यात पडून सुरात रडतात. त्या रडण्याला शब्द असतात, चाल असते, त्याला ढावलो म्हणतात. मिराबाईंनी पहिला सूर लावल्याशिवाय त्या तांड्यातली एकही मुलगी सासरी गेलेली नव्हती. शेजारच्या तांड्यांतूनही त्यांना बोलावणं यायचं. इतकी सगळी कडवी दुसऱ्या कोणालाच येत नव्हती.

त्यांची धाकटी मुलगी संगिता माझ्याकडे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. रोज फाट्यापर्यंत पायपीट आणि पुढे एसटी. तिला नांदेडला वसतिगृहात राहून बी.एड. करायचं होतं. भावसिंगला तिचं लग्न करायचं होतं. पुसदकडचा एक मुलगा पाहून ठेवला होता, बोलणी उन्हाळ्यात पक्की व्हायची होती. दोघांनीही आपापलं म्हणणं मला सांगितलं होतं, आणि मी दोघांनाही बरोबर आहे म्हणालो होतो. प्राध्यापकाला अशी सवय लागते.

२००३ च्या जानेवारीत विद्यापीठाचं पत्र आलं. 'महिला नेतृत्व व नागरी सहभाग' या विषयावर कॉलेजच्या मुलींचा चार दिवसांचा अभ्यास दौरा काढायचा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात सखुबाई नावाच्या सरपंच होत्या, त्यांचं काम नावाजलेलं होतं, ते पाहून यायचं. अट अशी की किमान वीस मुली हव्यात आणि सोबत एक महिला हवी. आमच्या कॉलेजात एकच बाई होत्या, मराठीच्या, आणि त्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या. प्राचार्य म्हणाले, कोणीही जबाबदार महिला चालेल, तुम्ही बघा.

पंधरा मुली शहरातल्या जमल्या. उरलेल्या पाच या तांड्यातल्या. तांड्यात बापाने हो म्हणून भागत नाही, नायकाने म्हणावं लागतं. रतनसिंग नायक सत्तरीचे, कमी ऐकू यायचं, पण नको ते बरोबर ऐकू यायचं. पोरी चार दिवस कुठे जाणार, कोणासंगं, झोपणार कुठे, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, मिराबाई संगं असंल तर जाऊ द्या. माझे दोन्ही प्रश्न एका दमात सुटले. भावसिंगचीही हरकत नव्हती. लग्न झाल्यावर कुठलं हिंडणं, तोवर बघू द्या, असं तो मोठ्या मनाने म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप द्यायला गेलो तर मिराबाई ओसरीवर बसून कोऱ्या कागदांवर सह्या करत होत्या. एकेक अक्षर काढत, जीभ जराशी बाहेर. पंधरा-वीस कागद झाले होते आणि तेवढेच बाकी होते. साक्षरता अभियानात त्या सही करायला शिकल्या होत्या हे मला माहीत होतं. मला वाटलं सराव चाललाय. मी त्यांचं कौतुक केलं आणि अक्षर वळणदार आहे म्हणालो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा कागद घेतला. मग मी दौऱ्याचा तक्ता भरला. नाव, वय, हुद्दा असे रकाने होते. त्यांच्या नावापुढे हुद्द्याच्या रकान्यात मी 'पालक' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीची गाडी फाट्यावर आली. काचेमागे 'प्रासंगिक करार' अशी पाटी होती. ती न वाचता एक म्हातारं जोडपं हिंगोलीतच नागनाथाच्या दर्शनाला म्हणून चढून बसलं होतं. त्यांना वाटेत औंढ्याला सोडलं. दौऱ्याचा पहिला लाभ त्यांनाच झाला.

फाट्यावर मात्र घोळ झाला. तांड्यातल्या पन्नासेक बायका पोरींना सोडायला आल्या होत्या. आजवर त्या तांड्यातून मुलगी पेटी घेऊन नव्या कपड्यांत गाडीत बसली म्हणजे ती सासरीच गेली होती. दुसऱ्या कशाची कोणाला सवयच नव्हती. एका म्हातारीने संगिताच्या गळ्यात हात टाकला आणि हुंदका दिला. झालं, सगळ्यांनी ढावलो सुरू केला. तिसऱ्या कडव्याला अडकल्या, कारण पुढचे शब्द मिराबाईंना यायचे आणि मिराबाई गाडीत बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तिथून पुढचं कडवं धरलं. पाचही मुली मोठमोठ्याने रडू लागल्या. शहरातल्या पंधरा मुलींना काही कळेना, पण त्याही रडल्या. ड्रायव्हरने मला विचारलं, सर, यातली नवरी कोणती? मी म्हणालो, हा नेतृत्वाचा दौरा आहे. त्याने गिअर टाकला.

सखुबाईंचं गाव चकचकीत होतं. त्यांनी हातात काठी घेऊन आम्हाला सगळं दाखवलं, नळाचे मीटर, गटारं, शाळेमागची झाडं. मग समाजमंदिरात बसून दीड तास बोलल्या. मुलींनी वह्या भरल्या. शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्या तर एकही हात वर होईना. मी एका मुलीला आधीच एक प्रश्न लिहून दिला होता, महिला सक्षमीकरणासमोरील आव्हाने कोणती असा. तिने तो वाचून दाखवला. सखुबाईंनी त्याचं उत्तर दिलं, ते आता मला आठवत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. मिराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मुलींच्या चपला आणि पिशव्या सांभाळत.

"बाई, तुमचा शिक्का कोनापाशी असतो?"

मला शरमल्यासारखं झालं. एवढ्या लांब येऊन काय विचारावं माणसाने. पण सखुबाईंनी काठी खाली ठेवली. त्या दीड तासात त्यांनी पहिल्यांदाच कोणाकडे नीट पाहिलं असं मला वाटलं.

"आता माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी शिक्का काढून दाखवला. "पयली दोन वर्सं दिराच्या खिशात हुता. मी भांडले न्हाय. सही मागितली की म्हनायची, शिक्का हातात घेतल्याबिगर मला सही आठवत न्हाय."

मुली हसल्या. मिराबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा चपलांकडे लक्ष दिलं.

परतताना जिंतूरच्या अलीकडे मी त्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. शिक्क्याचं काहून विचारलं, असं त्यांच्याच बोलीत विचारलं. मला वाटलं आपलेपणा दिसेल.

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी बी हाय न सर. सरपंच."

औंढ्यापर्यंत मला एकेक गोष्ट आठवत गेली. सह्यांचे कागद आठवले. वळणदार अक्षर आठवलं. दोन वर्षं मी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्या नवऱ्याला सरपंचसाहेब म्हणत होतो आणि त्यांच्या हातची कपबशी परत करताना 'साखर जरा कमी' एवढंच त्यांच्याशी बोललो होतो. बाई सरपंच कशी असते ते बघायला मी वीस मुली घेऊन सातारा जिल्ह्यात गेलो होतो आणि आमच्या सरपंच मागे चपला राखत बसल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. विद्यापीठाला मी अठरा पानी अहवाल पाठवला. दौरा यशस्वी झाला असं त्यात लिहिलं, ते एका अर्थी खरं होतं. मिराबाईंचा हुद्दा मात्र मी दुरुस्त केला नाही. तक्ता आधीच जोडला होता.

जूनमध्ये संगिताचा निकाल लागला, वरच्या श्रेणीत. ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. वसतिगृहासाठी सरपंचाचा रहिवासी दाखला लागत होता आणि शेवटची तारीख सोळा दिवसांवर होती. बाप दाखला देत नव्हता. सही केलेले कागद डिकीत होते, शिक्का खिशात होता, पण उन्हाळ्यात लांबलेली बोलणी पक्की करायला पुसदची माणसं पुढच्या महिन्यात येणार होती. मी येऊन समजावतो म्हणालो. संगिता म्हणाली, "नको सर. याडी म्हनली, तुमी येऊ नका. ती बघते म्हनली." आईला ती याडी म्हणायची.

मिराबाईंनी काय बघितलं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. साताऱ्याहून आल्यावर पाच महिने त्या निमूट सह्या करत होत्या. दाखल्याची गोष्ट निघाली त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललंच नाही. भांडण नाही, रुसवा नाही. भाकरी वेळेवर, शेतातलं काम वेळेवर. भावसिंगने कागद पुढे केले की म्हणायच्या, शिक्का हातात दिल्याबिगर सही आठवून नाही राहिली. भावसिंगने पहिले काही दिवस मनावर घेतलं नाही. डिकीतला साठा होता. नवव्या दिवशी तो संपला. मग तो लोकांना सांगू लागला की हिचा हात दुखून राहिला. हात दुखणारी बाई रोज विहिरीवरून दोन घागरी आणताना सगळ्यांना दिसत होती, पण तांड्यात कोणी कोणाला तोंडावर खोटं म्हणत नाही.

घोडं अडलं ते पाण्यावर. त्या वर्षी पाऊस लांबला आणि विहिरीचा तळ दिसू लागला. टँकर मागायचा तर ग्रामपंचायतीचा ठराव हवा, त्यावर सरपंचाची सही आणि शिक्का दोन्ही. ग्रामसेवक तीनदा येऊन गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी ठराव रतनसिंग नायकांच्याच हातात दिला. नायकांनी नसाब बोलावली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, लिंबाखाली बसते, तिथे पुरुष बसतात आणि बाईचा विषय असेल तर बाई एका बाजूला उभी राहते.

संगिताने माझ्याकडे ठेवलेला फॉर्म आणि दाखल्याचा कोरा नमुना घेऊन मीही त्याच दिवशी तांड्यात पोचलो होतो. येऊ नका म्हटल्यावरही गेलो, कारण तारीख चार दिवसांवर आली होती. मला बाजेवर बसवलं. सगळं बंजारा बोलीत चाललं होतं, मला निम्मं कळत होतं. नसाबीत एक रीत आहे. ज्याची तक्रार असेल त्याने उभं राहून तक्रार आणि माणूस दोन्ही स्पष्ट सांगायचं, आडपडदा चालत नाही. भावसिंग उभा राहिला. बायको सही करत नाही म्हणाला. नायकांनी विचारलं, कसली सही. तो म्हणाला, ठरावावरची. नायक म्हणाले, ठरावावर तर सरपंचाची सही लागते, तुझ्या बायकोची काहून लागते? भावसिंगचा हात खिशावर गेला. तक्रार पुरी करायची तर सरपंच कोण ते त्याला आपल्या तोंडाने सांगावं लागणार होतं, आणि अडीच वर्षांत ते त्या तांड्यात कोणी मोठ्याने म्हटलेलं नव्हतं.

नायकांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्या घरचीही घागर रिकामी होती. ते माझ्याकडे वळले आणि मला कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "सर, तुमी कॉलेजात हेच शिकवता. कायद्यानं सरपंच कोन हाय?"

सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. भावसिंगही. त्याच्या घरी मी इतका चहा प्यालो होतो. मिराबाई एका बाजूला उभ्या होत्या आणि त्या एकट्याच माझ्याकडे बघत नव्हत्या.

"मिराबाई," मी म्हणालो.

"आन् हा कोन?"

"त्यांचे यजमान."

नायकांनी थोडा वेळ विचार केला. विचार आधीच झालेला होता, पण नसाबीत थोडा वेळ घ्यावा लागतो. मग त्यांनी भावसिंगपुढे हात पसरला. तांड्यात एकाची वस्तू दुसऱ्याला द्यायची तर ती नायकाच्या हातून जाते. भावसिंगने खिशात हात घातला. त्याला ते फार जड गेलं, ते दिसत होतं, आणि मला त्याची दयाही आली. शिक्का नायकांच्या हातात ठेवताना तो म्हणाला की ही आधी पोरीच्या कागदावर मारील.

"ते सरपंचाला इचार," नायक म्हणाले.

मिराबाईंनी ओढणीच्या पदरात शिक्का घेतला. त्यांनी आधी टँकरचा ठराव मागितला. सही केली, म्हणजे चार अक्षरं, पाव मिनिट. शिक्का त्यांनी आयुष्यात कधी उठवला नव्हता, तो उलटा उठला. तिथेच थांबलेल्या ग्रामसेवकांनी चालेल म्हटलं. मग मिराबाई माझ्याजवळ आल्या आणि संगिताचा दाखला मागितला. त्यावर शिक्का सुलटा उठला. टँकर चौथ्या दिवशी आला, दाखला त्याच्या आदल्या दिवशी पोचला. पुसदच्या माणसांना भावसिंगने काय कळवलं ते मला माहीत नाही, पण ती आली नाहीत.

संगिता नांदेडला निघाली त्या दिवशी मी फाट्यावर होतो. पेटी भावसिंगने डोक्यावर आणली होती. मोटारसायकल असूनही दोन किलोमीटर चालत आणली. बायका जमल्या होत्या, जानेवारीपेक्षा जास्तच. एसटी दिसली तशी संगिता आईच्या गळ्यात पडली. बायकांनी ओढण्या तोंडाला लावल्या आणि मिराबाईंच्या पहिल्या सुराची वाट पाहू लागल्या. इतक्या मुलींसाठी रडलेली बाई, आज तर तिची स्वतःची लेक होती.

मिराबाईंनी सूर लावला नाही.

"ढावलो जानाऱ्या पोरीला असतो," त्या म्हणाल्या. "ही येनार हाय."

बायकांना काय करावं कळेना. रडायची तयारी करून आलेली माणसं तशीच उभी राहिली. संगिता गाडीत चढली, कंडक्टरने घंटी दिली आणि गाडी निघाली. तेव्हा भावसिंग रडू लागला. पुरुषांना ढावलो येत नाही, त्यामुळे शब्द नव्हते, चाल नव्हती, नुसताच रडत होता, लहान लेकरासारखा, डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन. लग्न झालं असतं तर हाच माणूस त्या दिवशी पंगतीत आग्रह करत फिरला असता. मिराबाईंनी एका बाईला त्याला पाणी द्यायला सांगितलं.

गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. उजवी मूठ छातीशी घट्ट धरलेली होती. मग त्यांनी मूठ उघडली आणि शिक्का पदराच्या गाठीत बांधला. त्या दिवशी सकाळीच दोन-तीन दाखले दिले होते, शाई ओली होती. तळहातावर जांभळी अक्षरं उठली होती, मला उभ्या जागेवरून वाचता आली. सरपंच, ग्रामपंचायत वसराम नायक तांडा.

"चला," त्या बायकांना म्हणाल्या, "पानी यायची येळ झाली." टँकर अकराला यायचा. त्यांनी तळहात फेटियाला दोनदा पुसला, पण शाई निघाली नाही.